धुवणाचा वास

खिडकीतल्या मिरचीच्या रोपांची पानं पिवळी पडू लागली. बी माझ्या बायकोने, सुमनने, जाण्याआधी पुडीत बांधून ठेवलेलं. नर्सरीवाला म्हणाला, "काका, पाणी जास्त होतंय." मी तर सकाळी एकदाच घालायचो. पण दुपारी माती पुन्हा ओली असायची आणि तिला तांदळाच्या धुवणाचा वास यायचा. सुमन झाडांना तेच घालायची. भीती नाही वाटली. मी रोज दुपारची वाट बघू लागलो.

एकदा खिडकीशी सून दिसली, हातात पातेलं. "आई घालायच्या ना, बाबा, म्हणून मीही..."

रोपं जगावीत म्हणून मीच तिला थांबवलं. आता नवी पानं हिरवीगार येताहेत. दुपारी मी माती चाचपतो. कोरडी असते.