तिन्ही घरांचा चीक सांडला!

आता तुमच्यापासून काय लपवायचं! चहा घ्या, सांगते.

सकाळी दारात रांगोळी काढत होते. मला रांगोळीला जरा वेळच लागतो. लिफ्ट समोर आहे ना! तर वरच्या नलूताई त्यांच्या शेजारच्या पल्लवीला म्हणत होत्या, "अगं, यंदा बिल्डिंगमधली एक बाई कुरडया विकतच्या आणणार आहे. बोभाटा झाला ना, तर..."

आणि लिफ्टचं दार बंद!

माझ्या हातातली रांगोळी तिथंच सांडली. एक बाई म्हणजे कोण? मीच की! खांदा धरलाय माझा, सोऱ्या दाबवत नाही. आणि खरं सांगू? गहू भिजवा, वाटा, चीक शिजवा, भल्या पहाटे गच्चीवर पळा... कंटाळाच आलाय. पण हे मी अजून कुणाला बोललेसुद्धा नव्हते. या दोघींना कळलं कसं?

"मग नको करूस," आमचे हे पेपरातून म्हणाले.

"वा! लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"लोक म्हणजे लोक!" या माणसाला काय कळतंय?

गुपचूप निफाडला गेले. तिथल्या एका बाईंकडून तयार कुरडया आणल्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गच्चीवर जुनी साडी अंथरली, त्या मांडल्या आणि वरून पाणी शिंपडलं. वाळलेल्या कुरडया परत वाळत घालणारी बाई पाहिलीत कधी? बघून घ्या!

थोड्या वेळानं पाहते तर शेजारी आणखी दोन साड्या. नलूताईंची आणि पल्लवीची. म्हणजे या दोघींनी घरी केल्या, चोर मी एकटीच!

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जिच्या घरी कुरडया, तिनं शेजारीपाजारी वाटीभर गरम चीक पाठवायचा. मी दुपारपर्यंत वाट पाहिली. एक वाटी आली नाही! म्हटलं, झालं, आपल्याला वाळीत टाकलं.

संध्याकाळी तिघी कुरडया गोळा करायला गच्चीवर. माझ्यानं राहवेना.

"काय हो नलूताई, चीक नाही पाठवलात यंदा?"

"तुमचा तरी कुठं आला?"

"माझा... सांडला."

"अगंबाई! माझाही सांडला."

पल्लवी खाली बघत म्हणाली, "काकू, माझा पण."

एकाच दिवशी तीन घरांचा चीक सांडला! जिन्यातून गोदावरीचा पूर वाहायला हवा होता. शेवटी पल्लवीनं माझी एक कुरडई उचलली, स्वतःच्या कुरडईशेजारी धरली. वळण हुबेहूब तेच!

"काकू... निफाड?"

"निफाड."

"मीपण तिथूनच," नलूताई मटकन कठड्यापाशी बसल्या. "अहो, तुम्ही रांगोळी काढत होतात ना, त्या दिवशी लिफ्टमध्ये मी नाव न घेता माझंच सांगत होते हिला. आणि ही बया नुसती मान डोलवत होती!"

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

"मग इतकं लपवायचं कशाला गं बायांनो?" आता मला मोठेपण सुचलं.

"लोक काय म्हणतील म्हणून!"

"कोण लोक?" मी आमच्या यांच्या थाटात विचारलं.

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी पल्लवीच बोलली.

"रागावू नका काकू. पण दर उन्हाळ्यात दारात उभं राहून 'झाल्या का गं कुरडया? घरच्याच ना?' असं तुमच्याशिवाय कुणीच विचारत नाही."

ऐकलेलं अर्धंच खरं निघालं. विकत आणणारी बाई एक नव्हती, तिघी होत्या.

लोक मात्र एकच निघाले!