उलटी बसलेली रांग

गल्लीत तिला सगळे हवालदारीण म्हणत. तिच्या हाताखाली तेहेतीस शिपाई होते आणि एकाचीही तिच्यापुढे तोंड उघडायची टाप नव्हती. हा विनोद तिच्या बसचालक नवऱ्याचा, आणि तो दर महिन्याला नव्यानं सुचल्यासारखा सांगायचा.

गोदामांच्या मागे, कमरेएवढ्या भिंतीच्या आत ती छोटीशी लष्करी दफनभूमी होती. अकरा-अकरा दगडांच्या तीन रांगा. तिच्या वडिलांनी ती तीस वर्षं सांभाळली. त्यांचे गुडघे गेले तेव्हा पहार, ओळंबा आणि फाटकाची किल्ली लेकीकडे आली. कामात ती बापापेक्षा काकणभर सरसच निघाली. एखादा दगड सूतभर कलला तरी तिला जेवण गोड लागत नसे.

त्या सोमवारी ती पहिल्या रांगेतला फाटकापासून तिसरा दगड सरळ करायला बसली. शनिवारी त्या शिपायाची बहीण येणार होती. भाऊ लढाईत पडला तेव्हा ती सात वर्षांची होती, आता ब्याऐंशीची. ‘एवढा प्रवास मला एकदाच झेपेल, तेव्हा जागा नीट दाखवा,’ असं तिनं पत्रात लिहिलं होतं.

हे दगड जमिनीखालच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बसवलेले असत. पट्ट्याला खाचा, आणि काँक्रीट ओलं असतानाच प्रत्येक खाचेशेजारी थडग्याचा क्रमांक कोरलेला. दगडाच्या तळालाही तोच क्रमांक. तिनं चेनपुलीनं दगड उचलला, तळ ओल्या फडक्यानं पुसला. नऊ. खाच पुसली. तीन.

तिनं शेजारचा दगड काढला. दगड आठ, खाच चार. मग ती मातीतच बसली. दोन्ही वेळा बेरीज बारा. म्हणजे रांग आतल्या आत बरोबर होती, फक्त उलट्या टोकाकडून बसली होती. मधला सहावा तेवढा आपल्या जागी, बाकी दहा जण दुसऱ्याच्या नावाखाली झोपलेले.

बावीस वर्षांपूर्वी पुराचं पाणी ओसरल्यावर सगळे दगड काढून चार दिवसांत पुन्हा बसवले होते. ते कोणी बसवले, हे तिला शोधावं लागणार नव्हतं. त्या कामाचं प्रशस्तिपत्र वडिलांच्या खाटेच्या वर भिंतीवरच टांगलेलं होतं.

तिनं दफनभूमीचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयात फोन लावला.

“बाई, मंजुरीशिवाय दगडाची जागा बदलता येत नाही,” साहेब म्हणाले. “अर्ज करा. समिती तीन महिन्यांनी बसते.”

“आणि शनिवारी त्या आजींना काय दाखवू?”

“दगड दाखवा. नाव बरोबर आहे ना?”

“नाव बरोबर आहे, साहेब. खाली माणूस दुसरा आहे.”

“काही हलवू नका. नोकरीवर येईल.”

संध्याकाळी तिनं वडिलांना सगळं सांगितलं.

“शक्य नाही,” ते म्हणाले. “माझ्या हातून कधी सूतभर इकडचं तिकडं झालं नाही.”

“सूतभर नाही झालं, बाबा. अख्खी रांग झाली.”

“मी मरेपर्यंत तरी थांब. मग खुशाल उकर.”

“तुम्ही शंभरी गाठाल. त्या आजींकडे शनिवारच आहे.”

वडील भिंतीकडे तोंड करून झोपले. नवरा हळूच म्हणाला, “सोड ना. त्या म्हातारीला काय कळणार आहे?”

“मला कळलंय ना.”

मंगळवारी तिनं अकराही दगड उचलून तपासले, फोटो काढले आणि अर्ज पाठवला. खाली लिहिलं: ‘उत्तराची वाट न पाहता उद्यापासून काम सुरू करत आहे.’ नवऱ्यानं शनिवारपर्यंत रजा टाकली. “नोकरी गेली तर माझ्या बसवर कंडक्टर हो,” तो म्हणाला. “प्रवासी तरी बोलतील तुझ्याशी.”

बुधवारी दहाच्या सुमारास वडील काठी टेकत, दर पाच पावलांवर थांबत फाटकातून आत आले. “दाखव,” म्हणाले.

तिनं माती बाजूला केली. वाकणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी काठीचं टोक त्या आकड्यावरून फिरवलं. मग दगडाचा तळ बघितला. बराच वेळ बघितला.

“खाचांत गाळ भरला होता,” शेवटी ते म्हणाले. “आकडे दिसत नव्हते. पलीकडच्या भिंतीकडची जमीन आधी वाळली, म्हणून एक नंबरचा दगड तिकडून लावायला घेतला. गाळ काढून बघायला हवं होतं.”

“हवं होतं, बाबा,” ती म्हणाली. तिनं शब्द सौम्य केले नाहीत.

“खुर्ची आण मला. आणि साखळी डावीकडून घे, दगड फिरतोय.”

तिथून पुढं खुर्चीवरून हुकूम सुटत राहिले. खरा हवालदार आत्ता कळला, असं जावई पुटपुटला आणि सासऱ्यांनी ते ऐकलं. शुक्रवारी चार वाजता शेवटची जोडी बसली.

शनिवारी बहीण आली. अंगानं चिमणीएवढी, पण पाठ ताठ. लेकीनं तोंड उघडायच्या आत वडील खुर्चीच्या दांड्याला धरून उभे राहिले. “ताई, बावीस वर्षं तुमच्या भावाचा दगड चुकीच्या जागी होता. चूक माझ्या हातची. माझ्या मुलीनं ती निस्तरली.”

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग लेकीला विचारलं, “आता खात्री आहे?”

“तळ आणि खाच, दोन्ही मी स्वतः बघितलंय. नऊवर नऊ.”

“मग मला जरा त्याच्याशी एकटीला बोलू दे.”

बाप, लेक आणि जावई अवजारांच्या खोलीपाशी जाऊन बसले. आजी तासभर त्या दगडापाशी होत्या. काय बोलल्या ते वाऱ्यानं इकडं आणलं नाही आणि कोणी कान दिला नाही. जाताना त्यांनी लेकीचा मातीनं भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मग गाडीत बसल्या.

सोमवारी कार्यालयाचं पत्र आलं: सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. तिनं ते वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि वडिलांच्या खाटेशी आली.

“दुसरी रांग कोणत्या टोकाकडून बसवली होतीत?”

वडिलांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. “नाही आठवत.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पहार घ्यायला गेली. “खुलासा एकदमच लिहीन.”