लिवलंय तेच वाच

गुलमंडीमागच्या वाचनालयात कपाटाचं दार उघडलं, की डांबरगोळ्यांचा उग्र वास आणि जुन्या कागदांची कोमट धूळ एकदमच अंगावर येई. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर जन्मलेली मी, देवगाव रंगारीहून औरंगाबादला शिकायला आलेली. लढाई मला ठाऊक होती ती वडीलधाऱ्यांच्या अर्धवट सोडलेल्या वाक्यांतून. त्या कपाटात युद्धाच्या कादंबऱ्या आणि माणसांनी आपल्या हक्कांसाठी दिलेल्या लढ्यांची पुस्तकं शेजारी शेजारी उभी असत. ती अशी एकत्र का, हे मला उमगलं ते एका निरक्षर बाईमुळे.

काशी माझी वर्गमैत्रीण. तिचं घर दौलताबादच्या किल्ल्याखाली, मेंढरं राखणारं. तिचा थोरला भाऊ बापू फौजेत होता. सरहद्दीवर लढाई झाली आणि तो बेपत्ता असल्याची तार आली. किती निर्दय शब्द! मृत्यूचा निदान एक दिवस ठरलेला असतो. ह्या शब्दाला रोजच उजाडतं.

रविवारी मी काशीकडे जाई. तिची आई, मी तिला मावशीच म्हणे, अंगणात लोकर कातत बसलेली असे. एकदा तिनं विचारलं, हातातलं पुस्तक कशाचं? परमुलखातल्या लढाईचं, खंदकातून आईला पत्रं लिहिणाऱ्या एका शिपायाचं, असं मी सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी ती ते वाचून घेऊ लागली. ना तो आपला, ना ती लढाई आपली. पण तो पावसात भिजला की मावशीच्या हातातली फिरती चाती थांबे.

शेवटच्या पानांवर तो मारला जातो. मला ते वाचवेना. तो घरी पोचला, असं मी सांगून टाकलं.

मावशीनं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. “पान तर उलटलं नाय तू,” ती म्हणाली. “पोरी, माझ्यापाशी समदेच गोड बोलतात. तू तरी लिवलंय तेच वाच.”

मी शरमले आणि शेवट वाचून दाखवला. ती रडली नाही. त्याच्या आईला कुणी कळवलं का, एवढंच तिनं विचारलं. पुस्तकात ते नव्हतं.

पुढचं पुस्तक होतं कातडीच्या रंगापायी ज्यांना जागेवरून उठवलं जाई, अशा माणसांचं. एके दिवशी ती उठलीच नाहीत. शांतपणे बसून राहिली. मावशीला त्याचं केवढं नवल! नुसतं बसूनही लढता येतं का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

त्याच हिवाळ्यात बापूच्या कामी सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. मावशीबरोबर काशी आणि मीही गेलो. कारकून भला होता. अंगठा द्या, म्हणजे पेन्शनची पुढची कामं सोपी होतील, असं तो समजावून सांगत होता. मावशीनं कागद माझ्या हाती दिला. लिहिलं होतं तेच मी वाचलं: मुलाला मृत समजण्यास माझी संमती आहे.

“मंग अंगठा नाय,” मावशी म्हणाली, आणि बाहेर जाऊन कचेरीच्या पायरीवर बसली.

तीन दिवस ती सकाळी यायची आणि कचेरी बंद झाली की उठायची. लोकांनी परोपरीनं समजावलं. काशीनं रडून विनवलं. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः बाहेर आले. तुमचं म्हणणं लिहून द्या, शोध चालू ठेवावा म्हणून वर पाठवतो, असं म्हणाले. मावशी सांगत गेली आणि मी गुडघ्यावर कागद धरून लिहीत गेले: ‘माझा मुलगा कुठं आहे ते मला कळवावं. कळेपर्यंत त्याला मेलेला म्हणू नये.’

बापूचा पत्ता लागला नाही. मावशी जाऊनही आता कित्येक वर्षं झाली. मी पुढं पुष्कळ लिहिलं, ग्रंथांनी घर भरलं. तरी त्या दोन वाक्यांएवढं खरं काही माझ्या हातून उतरलं असेल का? कोरा कागद समोर घेतला, की अजून जीव हुरहुरतो. वाटतं, पुन्हा एकदा त्या पायरीवर बसावं, शेजारून कुणी सांगत जावं, आणि सांगितलं तेवढंच आपण लिहावं.