विमानात न बसणारं घर

माझ्या वहिनीने उभ्या जन्मात विमानात पाय ठेवला नाही, आणि माझ्या भावाने उभा जन्म विमानात लोकांचं सामान चढवलं. असं जोडपं शोधून सापडायचं नाही! तो विमानतळावर हमाल. ती शिवणकाम करायची, पण नवं शिवणार नाही हा हट्ट. कोटाला अस्तर लावून देईल, बापाच्या पँटमधून पोराची पँट काढून देईल. कुणी नवं कापड घेऊन आलं की म्हणायची, "आधी घरातलं कपाट उघडून बघा." गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जायचं, आणि ही आपली मशीन चालवायला मोकळी.

हे सगळं सुरू झालं तिच्या दुकानात पुराचं पाणी शिरलं तेव्हापासून. दुसऱ्यांदा शिरलं तेव्हा भिजलेले तागे उन्हात वाळत घालताना म्हणाली, "हे पाणी नुसतं आभाळातून नाही आलं. आपल्या धुराने आणलंय." मग वाचायला लागली, सभांना जायला लागली. बघता बघता तिने चार बायका गोळा केल्या. विमानात बसायचं नाही अशी शपथ घेतली आणि विमानतळाच्या दुसऱ्या धावपट्टीविरुद्ध मोर्चे काढले. मी एकदा तोंडावर म्हटलं, "वहिनी, ज्या फांदीवर बसलीस तीच तोडतेस की गं!" भाऊ हसला. "तोडू दे, फांदी जाड आहे." मोर्चाच्या फलकांच्या काठ्यासुद्धा तोच तासून द्यायचा. कामावरचे लोक त्याला चिडवायचे, पण बायकोला त्याने कधी अडवलं नाही.

त्यांची एकच लेक. भाऊ तिला चिमणी म्हणायचा. "चिमणी असून उडत नाही बघा," असं सगळ्यांना सांगायचा. ती शिकून देशाच्या दुसऱ्या टोकाला एका बंदराच्या गावात नोकरीला गेली, आणि आईचा नियम तिने आईपेक्षा कडक पाळला. वर्षातून एकदा यायची, तीन गाड्या बदलून, अंग आंबून. वहिनीची छाती अभिमानाने फुगायची. सभेत हटकून सांगायची, माझी मुलगी एवढ्या लांबून येते, पण रुळावरून येते. मला ते ऐकून चीड यायची. पोरीची सुट्टी अर्धी डब्यात जाते, त्याचं काय कौतुक करायचं?

मग भावाच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, कुणाला बोलवायचं असेल तर आताच बोलवा. भाऊ मागच्या खोलीत पडून होता. बोलताना धाप लागायची. त्याने वहिनीचा हात धरला. "एवढ्या वेळी तिला उडत यायला सांग," म्हणाला. सगळ्या संसारात त्याने तिच्याकडे दुसरं काही मागितलेलं मला तरी आठवत नाही. वहिनी म्हणाली, "सांगते."

लेकीचा फोन भरदुपारी आला. धावपट्टीची सुनावणी दोन दिवसांवर होती आणि पुढच्या खोलीत त्या चारही बायका जमिनीवर बसून फलक रंगवत होत्या. फोन त्याच खोलीत. वहिनीने उचलला. बायकांनी ब्रश थांबवून तिच्याकडे बघितलं. आजारपण सगळ्यांना माहीत होतं, काळजीनेच बघितलं असणार. पण वहिनीला ते डोळे सोसले नाहीत. लेक म्हणाली, "आई, मी निघतेय." आणि वहिनीच्या तोंडून नेहमीचंच निघालं, "गाडीनेच येतेस ना? जपून ये. सावकाश ये."

सावकाश ये! मरणाच्या दारात बाप, आणि सावकाश ये!

भाऊ विचारत राहिला, "पोचली का?" वहिनी सांगत राहिली, "निघालीय." दुसऱ्या दिवशी त्याने विचारणं सोडलं आणि नुसता दाराकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. लेक संध्याकाळी आली, पाठीवर पिशवी, पाय सुजलेले. तोवर आम्ही त्याला पोचवून परत आलो होतो. वहिनी त्या सुनावणीला गेलीच नाही, आणि धावपट्टी मंजूर झाली. तिच्या लेखी मात्र ती बातमी कुठल्या कुठे राहिली.

दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना वहिनी एकदम रडायला लागली आणि फोनवर काय झालं ते सगळं मला सांगितलं. "चार बायकांपुढे जीभच वळली नाही गं. त्या काही बोलल्या नसत्या. मलाच लाज वाटली. विमानं वाईटच आहेत, आजही म्हणेन. पण त्याने मागितलं होतं, आणि मी दिलं नाही." मग माझा हात दाबून म्हणाली, "पोरीला सांगू नकोस. बाप बोलावत होता हे कळलं तर ती मला जन्मभर माफ करणार नाही."

त्याच दिवशी जिन्यात पोरीने मला गाठलं. "आत्या, मी विमानाचं तिकीट काढलं होतं. तेच सांगायला फोन केला होता. आईने गाडीचं विचारलं आणि मला वाटलं, बाबा जाताना मी तिचा शब्द मोडला असं तिला नको व्हायला. फोन ठेवला आणि तिकीट रद्द केलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आईला सांगू नकोस. ती मरून जाईल."

आता दोघी समोरासमोर जेवायला बसतात. लेक म्हणते, "आई, दुसरा इलाजच नव्हता गं." वहिनी म्हणते, "बाबांनाही तेच पटलं असतं." दोघी एकमेकींच्या ताटात वाढतात. आणि मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून अख्खं घर हसतं, ती मी मान खाली घालून जेवते.