नाकमामांचा प्रश्न

नाकमामा कुठल्याही दारातून सरळ आत येत नसत. उंबऱ्याशी थांबून, मान थोडी वाकडी करून तीन छोटे श्वास घेत आणि मगच पाऊल टाकत. आमच्या प्रयोगशाळेत, बँकेत, माझ्या लग्नाच्या हॉलवरसुद्धा. तिथे माझ्या सासूबाईंनी विचारलं, "यांना काही त्रास आहे का?" मामी म्हणाल्या, "नाय गो, त्यांची सवय हाय ती."

मामा मूळचे बोनकोडे गावचे. शहर वसवताना जमीन गेली आणि त्या बदल्यात कारखान्यांचं सांडपाणी साफ करणाऱ्या केंद्रात नोकरी मिळाली. तीस वर्षं त्यांचं काम एकच, माणसं टाकीत उतरण्याआधी विषारी गॅसचा वास येतो का ते बघून हो किंवा नाही सांगायचं. मीटर आले, बिघडले, बदलले. मामांच्या होकाराशिवाय मात्र कोणी शिडीवर पाय ठेवत नसे.

मी त्यांना भेटले ती त्यांची जागा घेणारं यंत्र बनवताना. आमच्या कंपनीने वास ओळखणारी चिप तयार केली होती. ती मेंदूतल्या पेशींसारखी चाले. वास बदलला की तिच्यात ठिणगी पडे, आणि तोच वास टिकून राहिला की ती शांत होई. माणसालाही घरातल्या उदबत्तीचा वास थोड्या वेळाने येईनासा होतो, तसंच. यामुळे वीज कमी लागे. आम्हाला याचा फार अभिमान होता. कुठला वास कसला, हे चिपला शिकवायला केंद्राने मामांना चार महिने आमच्याकडे पाठवलं.

ते बाटली नाकाखाली कधीच धरत नसत. हाताने वारा घेत आणि सांगत, "कुजलेलं अंडं." "भिजलेली सुकट." "ह्यो काय वास नाय, नुसती धमकी हाय." मी ते शब्द तसेच टिपून घेई. कामाच्या मधे ते मला शिकवत. "पोरी, वास आला तर घाबरू नको. येता येता थांबला, तर पळ. जास्त झाला की नाकच मरतं."

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना चिपचं शांत होणं दाखवलं. 'धोका नाही' सांगणारा तिचा दिवा हिरवा झाला. मामांनी दिव्याकडे बोट केलं.

"म्हंजे ह्याला पन सवय लागते?"

"हो मामा, अगदी माणसासारखी."

"मंग गॅस हळूहळू वाढला तर ह्यो काय बोलेल?"

माझे साहेब तिथेच होते, ते हसले. "मामा, मशीनवर जळता काय?"

मला मात्र प्रश्न पटला होता. अहवालात 'वापरणाऱ्यांच्या शंका' असा रकाना होता. मी त्यात 'नाही' लिहिलं. साहेब शेजारी उभे होते आणि मी नोकरीत अजून कायम झाले नव्हते.

यंत्र केंद्रात बसवलं. मामा तरी रोज पंपघरापाशी जात आणि खिशातून रसायनात भिजवलेली कागदाची पट्टी काढून टाकीच्या तोंडाशी दोरीने सोडत. गॅस असला की ती काळी पडे. कामगार चिडवत, "मामा, मासा लागला का?"

त्या दुपारी मी यंत्र तपासायला गेले होते. पंप सकाळपासून अडकला होता. दिवा हिरवा होता, म्हणून एक कामगार मामांची वाट न बघता शिडीवरून निम्मा खाली गेला होता. मामा माझ्यासोबत चालत येत होते. वाटेत सडका वास येत होता. टाकीजवळ पोहोचलो आणि वास एकदम थांबला. मला बरं वाटलं. मामा शिडीकडे धावले.

"वर ये! वर ये रे!"

कामगाराने मान वर केली, पण त्याचे हात सुटू लागले होते. मामा पालथे पडले, डोकं टाकीत घालून त्यांनी त्याची कॉलर धरली आणि ओढलं. मी मामांचे पाय धरले होते. गॅस सकाळपासून हळूहळू वाढला होता, म्हणून दिवा तेव्हाही हिरवा होता. मामांना आपलं नाक कधी फसवतं ते ठाऊक होतं. आमच्या यंत्राला आम्ही फसणं तेवढं शिकवलं होतं.

कामगार वाचला. गॅसने मामांची छाती अधू झाली आणि वास येणं कायमचं बंद झालं. मी बोनकोड्याला भेटायला जाई, तेव्हा मामी स्वयंपाकघरात बोंबील तळत असत आणि मामा बाहेरच्या खोलीतून पुन्हा पुन्हा विचारत, "करपलं का गो? गॅस बंद केलास का?" मला म्हणाले, "आता घरातच भीती वाटते मना. काय येतंय ते कलतच नाय."

एकदा धीर करून मी सांगितलं, "मामा, तुमचा प्रश्न मी लिहिला नव्हता."

"ठाव हाय मना. तुजी नोकरी नवीन होती."

मला रडू आलं. ते खोकत म्हणाले, "आता जुनी झाली ना? मंग लिव."

गेल्या महिन्यात मामा गेले. तेराव्यानंतर दोन दिवसांनी माझ्या टेबलावर सुधारित यंत्राचा फॉर्म आला. डबा नवा होता, चिप तीच. शंकांच्या रकान्यात मी मामांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासकट लिहिला, आणि मंजुरीच्या सहीची जागा कोरी ठेवली. साहेब फॉर्म घेऊन गेले.

अजून उत्तर आलेलं नाही. जुनं यंत्र तिथेच आहे. त्याच्या देखभालीसाठी मी माझी बदली केंद्रावरच मागून घेतली. दुपारी माणसं पंपघराकडे निघाली की मी त्यांच्या मागे जाते, ती उतरताना मोजते, आणि शेवटचा माणूस वर येईपर्यंत शिडीचा कठडा सोडत नाही.