फुंकर मिस्त्री

आमचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. धक्क्यावर त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. फुंकर मिस्त्री कुठे बसतात विचारलं, की कुणीही पत्र्याच्या शेडपर्यंत आणून सोडायचं.

बोटीचं इंजिन समुद्राचं पाणी ओढून थंड राहतं. त्या पाण्याबरोबर वाळू, शेवाळ, शिंपल्यांचा चुरा आत जातो, कधी पंपाच्या रबरी पात्याचा तुकडा. हे सगळं नळ्यांत अडकतं आणि इंजिन तापून बंद पडतं, तेही नेमकं किनारा दिसेनासा झाल्यावर. काका नळ्या सोडवून उलट्या बाजूने गोड्या पाण्याचा जोर सोडायचे, म्हणजे घाण आल्या वाटेने परत जाते. हे सगळेच मिस्त्री करतात. काका त्यानंतर नळीला तोंड लावून फुंकायचे.

"पाणी लबाड असतं, कचऱ्याच्या कडेकडेने वाट काढतं," ते म्हणत. "फुंकर खोटं बोलत नाही."

फुंकर सहज पार गेली की छाती ठोकून सांगायचे, घेऊन जा बोट. त्यांनी तपासलेली बोट कधी दोरीने ओढून आणावी लागली नाही, आणि याचा त्यांना भारी तोरा होता.

मग त्यांना खोकला लागला. जिना चढताना मध्येच थांबून ते खिसे चाचपायचे, किल्ली विसरल्याचं सोंग करायचे. मावशी काय ते समजायची. "अहो, एकदा छाती दाखवून या ना," ती जेवायला वाढताना म्हणायची, भांडी घासताना म्हणायची, दिवा मालवल्यावरही म्हणायची. "डिझेलचा धूर आहे, जाईल," म्हणून काका उडवून लावत. इंजिन जरा तापलं तर मालकाला फाडून खाणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत एवढा दगड कसा? मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

अशात एक मासेमारीची बोट आली. काकांनी नळ्या धुतल्या, मूठभर शेवाळ निघालं. फुंकून पाहिलं, तर फुंकर अडली. पुन्हा धुतलं. पाणी भडाभडा आलं, नितळ आलं, तरी फुंकर अडली. त्यांनी पाणी थंड करणारा कूलर उघडला, आतल्या बारीक नळ्यांतून तार फिरवली, उजेडाकडे धरून पाहिलं. आरपार दिसत होतं. तरी यांचं आपलं एकच, आत काहीतरी आहे. आठवडाभर हेच चाललं. बोटीचा मालक रोज येऊन तोंड वाकडं करून जायचा.

त्या दुपारी मी मावशीबरोबर डबा द्यायला गेलो. काका घामाघूम झाले होते, ओठ निळसर पडले होते. मालक नळीच्या दुसऱ्या टोकाशी तळहात धरून उभा होता. काकांनी तोंड लावलं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या.

"काही लागलं हाताला?"

"नाही बुवा."

"बघा! अडकलंयच."

मावशीने डबा खाली ठेवला. "द्या इकडे."

"अगं, तुझं काम आहे का हे?"

तिने नळी हिसकावूनच घेतली आणि साधीशी फुंकर मारली, गरम दुधावर मारतो तेवढीच. दुसऱ्या टोकातून राहिलेलं पाणी मालकाच्या शर्टावर उडालं.

"वा मावशी! आता मिस्त्रींना घरी बसवा आणि तुम्हीच..." मालक हसत म्हणाला, आणि आमचे चेहरे बघून ओला शर्ट झटकायला लागला.

"परत फुंक," काका म्हणाले.

पण आता मावशीला फुंकता येईना. तिला रडू फुटलं होतं.

काका पालथ्या बादलीवर बसले. "म्हणजे साफच होती," एवढंच म्हणाले. मग मालकाला बोट घेऊन जायला सांगितलं.

संध्याकाळी ते मुकाट्याने दवाखान्यात आले. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर लावून पाहिला. मग मावशीकडे वळून जरा चिडूनच म्हणाले, "आता फार काही करता येणार नाही. इतके दिवस कुणाला आणावंसं वाटलं नाही का यांना?"



"ती रोज म्हणत होती," काका म्हणाले.