पाऊण फेरा ढिला

आमच्या सिल्व्हर पार्कमधल्या सोसायटीत सुकटवाली मावशी दिसण्याआधी ऐकू यायची. बुधवारी आणि शुक्रवारी दहाच्या सुमाराला गेटमधून ‘कुईंकर्र, कुईंकर्र’ आत शिरलं की बायका गॅस बारीक करून डबे शोधायला लागायच्या. तो आवाज तिच्या सायकलच्या सीटचा. साठी ओलांडलेली ही बाई लुगडं घट्ट खोचून, गळ्यात क्रूस, मागे सुक्या बोंबलांची टोपली बांधून थेट समुद्रकाठच्या उत्तनहून सायकल हाणत यायची.

आधी ती हाळी द्यायची, आणि ती हाळी सातव्या मजल्यावरही पोचायची. मग सेक्रेटरींनी नोटीस लावली: आवारात फेरीवाल्यांनी ओरडू नये. वासाची तक्रार करायची त्यांची हिंमत नव्हती, कारण निम्मी सोसायटी तिचं गिऱ्हाईक. हाळी बंद केली की धंदा बंद, आणि धंदा बंद झाला की बाई आपोआप बंद, असा साधा हिशेब. दोन आठवडे तो बरोबर निघाला. मावशी येऊन गेली हे कुणाला कळायचंच नाही, आणि ती भरली टोपली घेऊन परत जायची.

तिसऱ्या आठवड्यात सीट कुरकुरायला लागली.

“मावशी, आवाज मत करो. नोटीस लगाया है,” सेक्रेटरी खाली येऊन म्हणाले.

“मैं किधर वराडती? शीट वराडती हाय. उसको नोटीस दे.”

मला वाटलं, गरिबाची सायकल, कुरकुरणारच. मी शिक्षिका; माझी शाळा दुपारची, सायकलनेच जायचे. माझी सीट आवाज करत नव्हती, पण दर कोपऱ्यावर बोटभर खाली सरकायची आणि गुडघे हनुवटीला लागायचे. मावशीने ते एकदा पाहिलं. टोपलीतून पाना काढला, माझ्याकडून बिस्किटाचा रिकामा डबा मागवला, त्याच्या पत्र्याची पट्टी कापून सीटच्या दांड्याभोवती गुंडाळली, दांडा परत नळीत ठोकला आणि नट आवळला. आज इतकी वर्षं झाली, ती सीट तसूभर सरकलेली नाही.

“एवढं येतंय तर स्वतःची का नाही नीट करत?” मी विचारलं.

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मास्तरणीला पाढे येत नाहीत. “येडी हाय का? पाऊण फेरा ढिला ठेवलाय मी. पुरा सोडला तर मी पडन, पुरा आवळला तर धंदा पडल.” उत्तन सोडायच्या आधी ती नट घट्ट करायची आणि आमच्या गेटबाहेर उतरून पाऊण फेरा सोडायची. मला हसू आवरेना, आणि आमच्या सगळ्यांची लाजही वाटली. एवढे डबे घेऊन उतरणारे आम्ही, त्या नोटिशीविरुद्ध एकाचंही तोंड उघडलं नव्हतं.

एका शुक्रवारी सेक्रेटरींनी सायकलवालाच बोलावून आणला. फुकट दुरुस्ती, सोसायटीतर्फे! मावशी सीटवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. “माझे शीटला हात लावशील तर बघ!” सायकलवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पाना खिशात घातला. जाताना त्याने अर्धा पाव सुकट घेतली.

गेल्या उन्हाळ्यात सलग तीन आठवडे आवाज आला नाही. विचारत विचारत मी उत्तनला तिच्या घरी गेले, तर फोटोला हार घातलेला. मला तिथेच, तिच्या ओट्यावर, रडू फुटलं. मुलगा म्हणाला, “बाई, सायकल भंगारात देणार होतो. तुमाला पायजे तर न्या. लय बेकार आवाज करते.”

करत नव्हती. शेवटच्या वेळी तिने नट घरीच आवळला होता.

मी तीच सायकल चालवत आले. आमच्या गेटबाहेर उतरले, पाना घेतला, पाऊण फेरा सोडला आणि आत शिरले. सेक्रेटरी पायरीवरच उभे होते. “मॅडम, सीट टाइट करवा लो.”

“उसको नोटीस दो,” मी म्हटलं.

वर खिडक्या उघडल्या. कुणीतरी ओरडलं, “मावशी आली गं!” कुणीतरी डबा घेऊन धावत जिन्यावरून उतरत होतं. माझ्याकडे बोंबील नव्हते. तरी मी आवाराला आणखी एक फेरी मारली.